लोखंडाचा आवाज आणि लाल बावट्याचा डफ



या सदरात आजवर मी शिष्यवृत्तीचे फॉर्म, जात पडताळणी, हुंडा, दारू, रेशनकार्ड असल्या विषयांवर लिहीत आलो. गाण्याबजावण्यावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. बी.कॉम. झालेला माणूस मी, आयुष्य खतावणी आणि जावक नोंदवहीत गेले. सूर-ताल मला कळत नाहीत. तरी आज लिहितो आहे, कारण आमच्या गल्लीतल्या एका घरात गाण्यावरून बापलेकांचे बोलणे बंद झाले आणि त्या घरच्या माउलीने मला मध्ये घातले.

बाप जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहे. वीस वर्षे झाली. आपल्या वाचकांत अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. ठिकठिकाणचे भंगार जालन्यात येते. ते भट्टीत वितळवून त्याचे बिलेट पाडतात. बिलेट पुन्हा लालबुंद तापवून रोलांमधून काढत नेतात आणि तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये जाते ती सळई तयार होते. भंगार पडल्याचा आवाज, रोलांचा आवाज, कटिंगचा आवाज, सळयांचे बंडल आपटल्याचा आवाज. पाळी संपवून हा माणूस घरी आला की बायकोला प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागते. अलीकडे तिसऱ्यांदा.

मुलगा आयटीआयला आहे, फिटरच्या ट्रेडला. पोरगा चांगला आहे, विहारात झाडलोटीला पहिला असतो. पण रात्री मोबाईलला छोटा स्पीकर जोडून गाणी लावतो. गाणी म्हणजे कशी? घण घातल्यासारखे ठोके, मशीनसारखा एका चालीत चाललेला गिटार, आणि वरून एक धिप्पाड माणूस जर्मन भाषेत गुरगुरतो आहे. एका रात्री बाप म्हणाला, "बंद कर ते. दिवसभर हेच ऐकून येतो मी. मला त्याचे पैसे तरी भेटतात. तू फुकट कामून ऐकायलास?" पोरगा म्हणाला, "तुमाला काय कळतंय त्यातलं?" झाले! स्पीकर भिंतीवर गेला आणि आठ दिवस अबोला.

मी गेलो. पोराला गच्चीवर नेले आणि म्हणालो, "दाखव बाबा, काय आहे ते." तो म्हणाला, "काका, याला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात." मी म्हणालो, "इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचे, मेटल म्हणजे धातू. मग तुझा बाप वीस वर्षं दुसरं काय करतोय?" पोरगा हसला. तिथून आमचे जमले.

त्याने जो बँड दाखवला त्याचे नाव राम्स्टाईन. १९९४ साली बर्लिनमध्ये सुरू झालेला. सहा जण, आणि तेच सहा जण आजही आहेत. आपल्याकडे जयंतीची समिती सहा महिने टिकत नाही, तिथे या लोकांनी तीस वर्षे काढली, हे मला पहिले नवल वाटले. सगळे पूर्व जर्मनीत वाढलेले. गाणारा माणूस, टिल लिंडेमान, आधी पोहणारा खेळाडू होता आणि टोपल्या विणण्याचे कामही त्याने केले. पेटी वाजवणारा, म्हणजे त्यांची विजेवरची पेटी, त्याने टूलमेकरचे काम शिकलेले. म्हणजे हा आमच्या फिटर पोराचा सहव्यवसायी! बँडचे नाव घेतले ते एका अपघाताच्या गावावरून. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीत रामस्टाईनच्या लष्करी विमानतळावर कसरतीची विमाने एकमेकांवर आदळली, एक विमान प्रेक्षकांत पेटत पडले आणि ७० माणसे मेली.

आणि कार्यक्रम? बंधूंनो, मी थक्क झालो. गाणारा तोंडावर ज्वाला फेकणारे यंत्र बांधून आग ओकतो. एका गाण्यात पेटीवाल्याला मोठ्या कढईत बसवून खालून-बाजूने आग लावतो. दुसऱ्या गाण्यात तोच पेटीवाला रबरी होडीत बसून प्रेक्षकांच्या डोक्यावरून तरंगत जातो आणि हजारो हात त्याला पुढे पुढे सरकवतात. स्टेज म्हणजे निव्वळ कारखाना: चिमण्या, लोखंडी मनोरे, धूर. मला तर आपली भट्टीच नाचायला लागल्यासारखी वाटली. १९९६ साली बर्लिनच्या एका कार्यक्रमात पेटलेला भाग वरून कोसळला. त्यानंतर त्या गाणाऱ्याने आतषबाजीच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आणि परवाना काढला. हे दुसरे नवल. तमाशासाठी आग खेळवणारा माणूस शिकून, परवाना घेऊन स्टेजवर उभा राहतो. आणि पोटासाठी आगीपुढे उभी राहणारी किती माणसे आधी काही शिकवून उभी केली जातात, हे तुम्ही आपापल्या घरात विचारा.

पोराला मी विचारले, "यांच्या गाण्यात कारखान्यातल्या माणसाबद्दल काय म्हटलंय?" तो डोके खाजवू लागला. भाषा जर्मन, त्यालाही कळत नाही. "काका, आवाजातच सगळं असतं," म्हणाला. हे उत्तर मी तेव्हा उडवून लावले. नंतर घरी विचार केला तेव्हा वाटले, पोरगा अगदीच चुकलेला नाही.

कारण या 'मेटल' नावाच्या गाण्याचे मूळ शोधले तर ते खरोखर कारखान्यातच निघते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे, लोखंडकामाचे. त्यांचे जालनाच म्हणा, फक्त फार मोठे. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवायचा नाद. कामाचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवसापासून गाण्याच्याच मागे लागायचे ठरलेले. त्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी सांगितले, गिटार विसर. तेव्हा कारखान्यातल्याच एका वरिष्ठाने त्याला जँगो राईनहार्टची तबकडी ऐकवली. हा जँगो आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झालेला आणि तरी थोर ठरलेला गिटारवादक. पोराने हिंमत धरली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यावर चामडे चिकटवले. कापलेल्या बोटांना ताठ तारा सोसवेनात म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. तारा सैल केल्या की आवाज खाली उतरतो, जड होतो, घुमतो. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली तबकडी १९७० साली आली आणि त्या जड आवाजावर जगभरचे मेटल उभे राहिले.

हे मी त्या पोराच्या बापाला सांगितले तेव्हा त्याने न बोलता स्वतःचा डावा हात पुढे केला. करंगळीचे वरचे पेर नाही. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

इंग्लंडातलाच आणखी एक गट आहे, टेस्ट डिपार्टमेंट. १९८१ साली लंडनच्या न्यू क्रॉस भागात जमलेली पोरे. वाद्ये घ्यायला पैसा नाही, म्हणून बंद पडलेल्या कारखान्यांतले भंगार उचलून आणले. पत्रे, पिंपे, स्प्रिंगा, नळ्या. तेच वाजवायचे. १९८४ साली तिथल्या कोळसा खाण कामगारांचा वर्षभराचा मोठा संप सुरू झाला. ही पोरे संपवाल्यांच्या बाजूने उभी राहिली. साउथ वेल्सच्या संपकरी खाण कामगारांच्या गायनमंडळाबरोबर त्यांनी कार्यक्रम केले, तबकडी काढली. एका बाजूला लोखंडाचा दणदणाट, दुसऱ्या बाजूला म्हातारे खाण कामगार आपली जुनी समूहगीते गाताहेत. आपल्या मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता. दोन देशांत एकाच काळात दोन संप, आणि दोन्हींचा शेवट एकच. असो.

पोराला म्हणालो, "हे सगळं ठीक आहे. पण कारखान्यातून निघालेला बँड आपल्याकडे याच्या किती आधी होता, ठाऊक आहे का?" त्याला ठाऊक नव्हते. म्हणून पुढचे लिहितो. त्याच्यासाठी, आणि त्याच्या वयाच्या तुमच्या पोरापोरींसाठी.

१९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघाले. मुख्य माणसे तीन: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० चे, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळा जेमतेम दीड दिवसाची. दुष्काळाने घर उठले आणि बापाबरोबर चालत चालत मुंबई गाठली. हमाली केली, कोळसा वेचला, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकले. अमर शेख बार्शीचे, खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर होते, मग गिरणीत गेले, संपात पडले, तुरुंगात गेले. म्हणजे पहा, एक मांग, एक मुसलमान आणि त्यांच्याबरोबर गव्हाणकर. आणि ऐकणारे सगळे गिरणीवाले, गोदीवाले. इंडस्ट्रियल म्हणायचे तर याला म्हणा.

कार्यक्रमाची रीत तमाशाची होती, पण आत सगळी उलथापालथ. गणात गणपती नाही. तिथे मायभूमीला, राबणाऱ्या माणसाला, हुतात्म्यांना वंदन. गौळणीतला कृष्ण आणि त्याची छेडछाड काढून टाकली. इथे एक गोष्ट मी ठासून सांगणार, कारण ती पुष्कळदा सांगायची राहते. ही वाट आधी आपल्या जलसाकारांनी पाडली होती. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती कंदिलाच्या, बत्तीच्या उजेडात गावोगाव आंबेडकरी जलसे करत होते. देवादिकांना बाजूला सारून शिक्षण, पाणवठा, मंदिरप्रवेश, वतन, दारू यांवर वग लावत होते. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, हे जुनी माणसे अभिमानाने सांगत आली. कर्डकांनी त्या सगळ्याचे पुस्तकही १९७८ साली लिहून ठेवले. मिळाले तर विहाराच्या कपाटात ठेवा.

तर कलापथक. वगांची नावेच ऐका: 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचे इलेक्शन', 'पुढारी मिळाला'. नावातच अर्धा कार्यक्रम झाला! अण्णाभाऊंनी बंगालच्या दुष्काळावर पोवाडा केला, अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला त्यावर केला, तेलंगणाच्या लढ्यावर केला. तेव्हा आपला जालना त्याच निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. मुंबईवर त्यांनी लावणी केली. लावणी म्हटले की शृंगार. पण यात एकीकडे मलबार हिलचे वैभव आणि दुसरीकडे परळच्या कामगाराचे हाल, असा शहराचा ताळेबंदच मांडला. मी हिशेबनीस माणूस, मला ती लावणी फार पटते.

मी यातले काही पाहिलेले नाही. ही माणसे गेली तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण आमच्या नात्यातले एक आजोबा परळच्या एका गिरणीत होते, संपानंतर गावी परतले आणि शेवटपर्यंत बाजेवर बसून सांगत राहिले. पाळी सुटली की घरी जायचे नाही, डब्याची पिशवी हातात घेऊन थेट कामगार मैदान. जागा मिळवायला धावाधाव. आधी नुसता डफ वाजायचा. त्या थापेबरोबर कोपऱ्याकोपऱ्यातली बडबड थांबायची. मग तुणतुणे, ढोलकी, झीलकऱ्यांचा सूर, आणि मग अमर शेख उभे राहायचे. आजोबा म्हणत, "आवाज असा चढायचा का वाटायचं आता फाटंल, आता फाटंल. आन् फाटायचा नाही." लोक रडायचे, शिट्ट्या मारायचे, टोप्या उडवायचे, गाणे पुन्हा म्हणायला लावायचे. अण्णाभाऊ वगात उतरले की हसून हसून पोट दुखायचे. पुढाऱ्यांची भाषणे नंतर. "भाषण ऐकायला कोन जात व्हतं?" असे म्हणून आजोबा डोळा बारीक करायचे. मैदानाच्या कडेला पोलीस उभे असायचेच, आणि हसू आले की तेही तोंड फिरवायचे.

आगीचे यंत्र नाही, धूर नाही, कढई नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. शाहिरांवर वॉरंट, धरपकड. तमाशा या नावावर अडवतात म्हणून 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले आणि तोच मजकूर नव्या नावाने उभा राहिला. आज नाटकवाले लोकनाट्य हा शब्द कौतुकाने वापरतात. तो पोलिसांना चुकवताना रुजला हे लक्षात ठेवा. पुढे कलापथक पहिल्यासारखे एकत्र राहिले नाही. अमर शेखांनी आपले वेगळे पथक उभे केले. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सारे शाहीर पुन्हा मैदानात होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढे शंभराहून अधिक माणसे त्या लढ्यात गेली. अण्णाभाऊंची मैनेची छक्कड तेव्हाची. गावाकडे बायको ठेवून मुंबईला आलेला कामगार तिच्या आठवणीने व्याकूळ होतो, आणि गाता गाता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, तुटून राहिलेला महाराष्ट्र होऊन जाते. घनसावंगी-मंठ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना यातला पहिला अर्धा भाग समजावून सांगावा लागत नाही.

आता काही वाचक म्हणतील, साहेब, ते लाल, आपण निळे. त्यांचे कौतुक आपल्या साप्ताहिकात कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीचा विटाळ! लाल बावट्याची युनियन पगारासाठी लढे, पण या विटाळाविरुद्ध तिने कंबर कसली नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. तो आक्षेप तेव्हाही खरा होता आणि मला आजही मान्य आहे. कामगार म्हटले की सगळे एक होतात, हे खरे नाही. एमआयडीसीत भाड्याची खोली शोधून पहा.

पण अण्णाभाऊंना मी त्या हिशेबात धरत नाही. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे असे सांगितले. १९५९ सालची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबासाहेबांवरचे त्यांचे गाणे तर आपल्या घराघरात पाठ आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होती आणि कम्युनिस्टही होते; १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले, ते याच एकजुटीतून. अमर शेखांची कन्या मलिका पुढे दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांची पत्नी झाली आणि स्वतः कवयित्री म्हणून नावाजली. तेव्हा लाल कुठे संपले आणि निळे कुठे सुरू झाले, याची रेघ ओढणे इतके सोपे नाही.

त्यांचा शेवट सांगताना वाईट वाटते. राज्य मिळाले १ मे १९६० ला. अण्णाभाऊ १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिले. पण दारिद्र्य काही सुटले नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले, वय ४८. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. २००२ मध्ये अण्णाभाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. तिकिटाची किंमत ४ रुपये होती, एवढेच मी आमच्या जावक विभागात बसून सांगू शकतो.

हे सगळे पोराला सांगायला तीन संध्याकाळी लागल्या. मध्येच जयंतीच्या समितीची बैठक आली. नेहमीप्रमाणे डीजेचा विषय निघाला. भिंतीएवढी बॉक्सची रांग, लाखाच्या वर भाडे. मी गायन पार्टीचे नाव काढले तर पोरे हसली. मी आवाजाच्या विरुद्ध नाही. आपल्या लोकांनी शतकानुशतके दबक्या आवाजात बोलल्यावर वर्षातून एक दिवस मोठा आवाज केला तर काय बिघडले, असेच मी म्हणतो. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद. गुन्हा दाखल झाला तर आपल्याच पोरांवर होतो आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तो निघतो. गेल्या काही वर्षांत मी असे अर्ज लिहून लिहून थकलो आहे.

आणि कानाचे काय? कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. त्यापुढचा आवाज रोज सोसला की कान हळूहळू जातो, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि गेलेला परत येत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे बायकोचे बोलणे, लहान पोरांचे बोलणे, शब्दांतले स, श, त. ढोलाचा ठोका मात्र ऐकू येत राहतो, म्हणून माणूस म्हणतो मला तर सगळे ऐकू येते. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून आहे, नुकसानभरपाईच्या तरतुदींतही आहे, ईएसआयमध्येही आहे. बोट तुटल्यासारखीच तीही कामावरची इजा. हे त्या बापाला माहीत नव्हते. तो समजत होता वय झाले. वय ४६.

बैठकीत डीजेचा निकाल लागला नाही. अर्धे तिकडे, अर्धे इकडे. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे.

पोराने मात्र एक केले. मोबाईलवर मैनेची छक्कड शोधून काढली, विठ्ठल उमपांच्या आवाजातली. विठ्ठल उमप म्हणजे २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळून गेलेले आपले शाहीर. मी त्या संध्याकाळी तिथेच होतो. बाप पाळीवरून येऊन ओट्यावर बसला होता. पोराने काही न बोलता दुरुस्त केलेला स्पीकर त्याच्याजवळ ठेवला. बापाने मान हलवत ठेका धरला. ढोलकी त्याला नीट ऐकू येत होती. सूर वर चढला तसा त्याचा चेहरा गोंधळला. "काय म्हणतोय तो?" त्याने विचारले. पोराने गाणे थांबवले, ती ओळ जवळ जाऊन मोठ्याने सांगितली, आणि पुन्हा लावले. पुन्हा थांबवले, पुन्हा सांगितली. अशी ती छक्कड पुरी व्हायला पाऊण तास लागला.

कानाच्या तपासणीसाठी आणि ईएसआयच्या अर्जासाठी कोणते कागद लागतात ते पुढच्या अंकात देतो. पगाराच्या पावत्या आणि हजेरीचे कार्ड तोवर सांभाळून ठेवा.

जयभीम.